गोदामाच्या भिंतीतली सळाख : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

पांढरकवड्याहून आत असलेल्या गावात शेतकरी गटाचं गोदाम बांधायला घेतलं. २० बाय ३० फूट, भिंती तीन मीटर उंच, वर टिनाचं छत. आत तूर, चणा आणि सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागेल.

जुनं गोदाम गेल्या मे महिन्यातल्या वादळात गेलं. आधी टिनं उडाली आणि वरचा आधार सुटताच दक्षिणेची लांब भिंत आत पडली. तिचे तुकडे झाले नाहीत. जोत्याजवळच्या सांध्यातून ती सुटली आणि अख्खी फळीसारखी आडवी झाली. रात्रीची वेळ होती, आत कुणी नव्हतं. सकाळी मी तिथे उभा होतो. सुटलेल्या कडेला सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचे होल उघडे पडले होते, सगळे रिकामे. सळाख एकही नाही, पातळ काँक्रीटचा माल एका होलातही भरलेला नाही. दिवसा पडली असती तर पोती लावणारे चार-पाच जण तिच्याखाली असते. म्हणून या वेळी गटाच्या बैठकीत मी एकच गोष्ट लावून धरली : ब्लॉक तेच घ्या, पण भिंत पोलादाने जोत्याला बांधा.

आपल्याकडे भूकंपाची भीती कमी, नागपूर झोन दोनमध्ये, सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं. तरी भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४३२६ कोपऱ्यांत आणि दारांच्या कडेला उभ्या सळया आणि भिंतीभर काँक्रीटचे आडवे पट्टे सांगतं, तेच वाऱ्यालाही उपयोगी पडतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीनंतर हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पाया झाला आहे. काळी माती सहा फूट काढून खाली मुरूम धुमसून घेतला. उन्हाळ्यात इथे शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगते, त्यामुळे पायाच्या कामात काटकसर केली नाही आणि त्यावरच्या प्लिंथ बीममध्ये, म्हणजे जोत्याच्या काँक्रीटच्या तुळईतही करणार नाही.

भिंतीचं गणित असं : ब्लॉक १६ बाय ८ बाय ८ इंच, दोन होलांचा. भिंतीची प्रत्येक लांबी आठ इंचांच्या पटीत घेतली, म्हणजे वरच्या थराचा होल खालच्या थराच्या होलावर बरोबर येतो. १२ मिमीची सळाख चारही कोपऱ्यांत, दाराच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये जास्तीत जास्त चार फुटांवर. एकूण २८ होल. झरोके दोन सळयांच्या मध्येच बसवले आहेत. लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या तुळईच्या, पातळीवर एक आणि अगदी वर एक आडवा पट्टा, प्रत्येकात १० मिमीच्या दोन सळया.

१० फेब्रुवारी

काल प्लिंथ बीम ओतला. मी तालुक्याला सिमेंटच्या हिशेबाला गेलो होतो. आज फळ्या काढल्या आणि पहिला थर मसाल्याशिवाय कोरडा मांडून पाहिला.

बीममधून वर काढलेल्या २८ सळयांपैकी १९ होलाच्या मधोमध आल्या. सहा कडेला सरकल्या आहेत. तीन सरळ दोन होलांच्या मधल्या भिंतीखाली आल्या, तिथे ब्लॉक बसूच शकत नाही.

कारण साधं आहे. बार बेंडरने टेप लावून चार-चार फुटांवर सळया बांधल्या. ब्लॉकचा होल कुठे येणार हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. ते काम माझं होतं. लाकडी पट्टीवर आठ-आठ इंचांवर खुणा करून ती बीमच्या कडेला ठोकायला हवी होती. काँक्रीट ओतताना सळाख ढकलली जाते ते वेगळंच. वरून आडवी सळाख बांधून सगळ्यांना पकडून ठेवलं असतं तर तेही टळलं असतं.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, हातोड्यानं दोन ठोके मारतो, येते सरळ. आपण तं इकडं तसंच करतो." ठोके मारून सळाख काँक्रीटच्या तोंडाशी काटकोनात मोडली की ती तिथेच कमजोर होते, शिवाय तोंडाचं काँक्रीट फुटतं. मी नाही म्हणालो. त्यांना पटलं असं वाटलं नाही, पण हातोडा खाली ठेवला.

१२ फेब्रुवारी

सहा सळया वळवून घेतल्या. नियम सहाला एक : आडवी एक इंच सरकवायची तर उंचीत सहा इंच द्यायचे. सर्वांत जास्त सरकलेली ४० मिमीने बाहेर होती. तिला २४० मिमी उंची दिली, पाइप घालून हळूहळू तिरकी केली आणि पुन्हा उभी केली. गरम केली नाही.

तीन सळया बीमच्या पातळीत कापल्या. होलाच्या मधोमध ड्रिल मारून केमिकलने नव्या बसवल्या. छिद्र किती खोल घ्यायचं ते कंपनीच्या पत्रकातून घेतलं. छिद्र साफ करण्यात घाई चालत नाही : फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी, आणि हे दोनदा. आत धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्वतःहून एक सळाख दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

सगळ्या सळया बीमच्या वर ६०० मिमी आहेत. बाराची सळाख, जाडीच्या पन्नास पट, ६०० चा लॅप, म्हणजे पुढची सळाख हिच्याशेजारी एवढी लांब राहील.

१८ फेब्रुवारी

ब्लॉकची गाडी आली. ब्लॉक गडद रंगाचे, हाताला गार. कारखान्यात फोन केला तर दहा दिवसांपूर्वी पाडलेले निघाले. ब्लॉकला किमान १४ दिवस पाणी आणि त्यानंतर चार आठवडे सुकणं हवं. ओला ब्लॉक भिंतीत लागला की भिंतीतच आकसतो आणि सांध्यातून पायऱ्यांसारख्या भेगा पडतात. गाडी परत पाठवली. चालकाशी बोलाचाली झाली, त्यात त्याची काही चूक नव्हती.

२२ तारखेला त्याच कारखान्यातले दोन महिन्यांचे ब्लॉक आले. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले, खणखणीत आवाज.

२४ फेब्रुवारी

बांधकाम सुरू. सकाळी आलो तर मिस्त्रींचा मदतनीस पाइप घेऊन ब्लॉकच्या चट्ट्याला पाणी मारत होता. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. विटांच्या कामात तो वीस वर्षं हेच करत आला आहे आणि विटेला ते करावंच लागतं. ब्लॉकचं उलट आहे. भिजवला की फुगतो, लागल्यावर आकसतो. ब्लॉकच्या बांधकामाचं मानक आयएस २५७२ सुद्धा म्हणतं, भिजवू नका. हवा फारच तापली तर वरची बाजू आणि कडा किंचित ओलसर करा. आता ऊन चढायला लागलं आहे, त्यामुळे ब्रशने ओली करू, पाइपने नाही.

सांध्याचा मसाला ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या पाकळ्यांवर, म्हणजे बाहेरच्या पातळ भिंतींवर लावायचा, आणि ज्या होलात सळाख आहे त्याच्या दोन्ही बाजूंच्या मधल्या भिंतींवरही. तिथे मसाला नसला तर ओतलेला माल शेजारच्या रिकाम्या होलात पळतो. आतली कड थापीने तिरकी कापून घ्यायची, म्हणजे ब्लॉक दाबला की मसाला होलात ओघळत नाही.

ओघळतोच थोडा. त्यासाठी गोणपाटाचा बोळा सुतळीला बांधून प्रत्येक होलात सळईभोवती ठेवला. थर चढला की बोळा वर ओढायचा, पडलेला मसाला त्याच्यासोबत वर येतो. कल्पना माझी. मिस्त्रींना आवडली.

त्यांनी एक विचारलं : आडव्या सांध्यात दर तीन थरांनी आठची सळाख घालू का? सांधा १० मिमीचा. आठची घातली तर वर-खाली मिळून दोन मिमी मसाला उरतो, तो सळईला धरतही नाही आणि गंजापासून वाचवतही नाही. सांध्यात घालायची तार सांध्याच्या निम्म्याहून जाड नको. आपल्या आडव्या सळया पट्ट्यातच राहतील, तिथे त्यांच्याभोवती माल असतो.

२६ ला महाशिवरात्र, काम बंद.

२ मार्च

सात थर झाले, १.४ मीटर. आज सळया सोडल्या.

तीन मीटरची अख्खी सळाख आधीच उभी केली असती तर प्रत्येक ब्लॉक डोक्यावरून उचलून तिच्यात ओवावा लागला असता. म्हणून दोन मीटरचे तुकडे केले. खाली ६०० मिमी जुन्या सळईसोबत लॅप, वर ६०० मिमी पुढच्या टप्प्यासाठी बाहेर. वरचा तुकडा १.८ मीटरचा, त्याचं टोक वरच्या पट्ट्यात वळेल. बीमच्या वरच्या उभ्या सळया मिळून ९५ किलोच्या आसपास पोलाद लागतं. गटातल्या एका काकांनी विचारलं होतं की यात खर्च किती वाढतो. त्यांना वजनाचा हिशेब लिहून दिला.

सळाख होलाच्या मधोमध राहणं हाच या भिंतीचा जीव आहे. वारा आतूनही येतो, बाहेरूनही, आणि थप्पी टेकली तर फक्त आतून. ब्लॉकची जाडी १९० मिमी, सळाख मधोमध असली तर दोन्हीकडून ९५ मिमी. ती ३० मिमी एका बाजूला सरकली की एका दिशेला ९५ चे ६५ होतात, त्या दिशेची ताकद साधारण एक तृतीयांश गेली. माल ओतल्यावर हे कुणालाच दिसणार नाही.

बार बेंडरने चार मिमी तारेचे आकडे केले. मध्ये सळईपुरता वेढा, दोन्ही पाय ब्लॉकच्या पाकळ्यांवर टेकलेले. ते पहिल्या, चौथ्या आणि सातव्या थराच्या सांध्यांत बसले आहेत. मी टॉर्च घेऊन २८ ही होलांत वरून पाहिलं. दोन ठिकाणी सळाख आकड्याच्या बाहेर गेली होती, काढून पुन्हा ओवली.

४ मार्च

आज ओतणी. सकाळी सहाला सुरुवात, दहानंतर ऊन.

मालाचं प्रमाण एक सिमेंट, तीन रेती, दोन बारीक गिट्टी, दहा मिमीच्या आतली. रेती पैनगंगेची, चाळून घेतली. माल इतका पातळ ठेवला की मिस्त्री पाहतच राहिले : "भाऊ, हे तं वरण झालं! स्लॅबवर असा माल टाकला तं तुम्हीच ओरडता." खरं आहे, ओरडतो. पण स्लॅबला फळ्या असतात आणि इथे चारही बाजूंनी कोरडा ब्लॉक. तो पाणी पिऊन घेतो. घट्ट माल टाकला तर तो सळईला आणि आकड्याला अडकत खाली जाईपर्यंत सुकतो, मध्ये पोकळ्या राहतात. पातळपणा मोजायच्या कोनवर माल २३० मिमी बसला, तेवढाच हवा होता. जास्तीचं पाणी ब्लॉक काही मिनिटांत ओढून घेतो, मालात ते राहत नाही.

काल एक गोष्ट करून ठेवली होती, ती आज कामी आली. एका ब्लॉकच्या होलात कोरडी रेती भरून ती मोजली. एका थराला सांध्यासकट ३.४ लिटर निघाले. सात थरांना सुमारे २४ लिटर. रंगाची दहा लिटरची बादली घेतली, म्हणजे एका होलाला अडीच बादल्यांना थोडं कमी. माल टाकणाऱ्या रेजाबाईंना सांगितलं, प्रत्येक होलाशेजारी बादलीमागे खडूची एक रेघ मारा, अर्धी बादली तर अर्धी रेघ.

दहा होल नीट गेले. अकराव्याला त्या थांबल्या. "भाऊ, हा दीड बादलीतच भरला नं. बाकीचे तं अडीच पेले."

वरून पाहिलं तर होल काठोकाठ, शेजारच्या होलासारखाच. नुसत्या डोळ्यांनी पाहत गेलो असतो तर बाराव्यावर सरकलो असतो.

हिशेब केला. दीड बादली म्हणजे साडेचार थर. वरचे साडेचार भरलेले असतील तर खालचे अडीच रिकामे. हातोडीने खालून टकटक करत वर गेलो. पहिला, दुसरा ब्लॉक ढब ढब, तिसऱ्याच्या मध्यावर आवाज बदलला. माल ओला होता, वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तळच्या ब्लॉकची पुढची पाकळी ग्राइंडरने चौकोनी कापून काढली. आत सळाख उघडी, कोरडी, लॅपची दोन्ही टोकं जशी सोडली तशी. भिंतीतला नेमका तो भाग, जिथून जुनी भिंत सुटली होती.

वाकडी सळाख आत घालून वर ढोसलं. मुठीएवढा गोळा खाली आला आणि त्याच्यामागून सगळा माल धप्पकन उतरला. गोळा फोडून पाहिला : गोणपाटाची चिंधी, तिच्याभोवती वाळलेला मसाला. बोळा वर ओढताना सळईला अडकून फाटला होता आणि त्या चिंधीवर मसाला साठत गेला. टॉर्चने पाहताना मला तो दिसला नाही, कारण मी सळाख मधोमध आहे का एवढंच पाहत होतो.

तोंडावर फळी दाबून वरून भरलं. आणखी जवळजवळ एक बादली गेली. खडूच्या रेघा अडीचच्या घरात आल्या.

दीड मीटरच्या आत ओततो आहे म्हणून तळाला सफाईचं तोंड ठेवलं नव्हतं. नियमाने ते लागत नाही. तरीही बाराव्यापासून पुढचे सगळे होल आज थांबवले.

प्रत्येक होलात पंचवीसची व्हायब्रेटरची नळी एकदा लगेच आणि पाच-दहा मिनिटांनी, ब्लॉकने पाणी ओढल्यावर पुन्हा. दुसऱ्या वेळी माल तीन-चार बोटं खाली बसतो, तेवढा वरून भरायचा. ही दुसरी वेळ लोक सोडून देतात आणि मग माल ब्लॉकपासून सुटतो. वर ४० मिमी जागा रिकामी ठेवली, पुढचा माल त्यात रुतेल.

६ मार्च

उरलेल्या १७ होलांना तळाशी तोंडं कापली. पाच होलांतून मसाल्याचे गोळे निघाले, त्यातल्या दोघांत चिंधी. गोणपाट बंद. जुन्या गादीचा फोम कापून बोळे केले आहेत, ते फाटत नाहीत. सळई-आकड्यावर साचलेला मसाला बाराच्या सळईने खरवडला आणि सगळं तोंडातून बाहेर काढलं. सळाख खालपर्यंत दिसते, मगच फळी लावून ओतलं. खालच्या फटीतून माल डोकावतो तेव्हा समाधान होतं.

आधीच्या दहा होलांना पुन्हा ठोकून पाहिलं. रेघा बरोबर, आवाज भरीव.

१२ मार्च

उद्या होळी. मजूर पोडावर, त्यांच्या वस्तीवर गेले, चार दिवस काम नाही.

१८ मार्च

आठ ते अकरा थर आणि लिंटेलचा पट्टा. पट्ट्यासाठी यू-ब्लॉक इथे मिळत नाहीत. ब्लॉकच्या मधल्या भिंती कटरने वरून अर्ध्या कापून नाळ केली. खालचे रिकामे होल बारीक जाळीने झाकले, नाहीतर पट्ट्याचा माल खाली गळतो. कोपऱ्यात दहाच्या सळया एल करून दोन्ही बाजूंना ५०० मिमी नेल्या. पट्टा कोपऱ्यात तुटला तर तो पट्टाच नाही.

उभ्या सळया पट्ट्याच्या दोन आडव्यांच्या मधून वर जातात. मिस्त्रींनी त्या न सांगता आकड्यांनी बांधल्या होत्या.

२७ मार्च

वरचा पट्टाही ओतला. उभ्या सळयांची टोकं त्यात वळवली. छताच्या कैचीचे सोळाचे बोल्ट पट्ट्याच्या सळयांखाली अडकवून ठेवले, वारा टिन उचलायला लागला तर ओढ थेट उभ्या सळयांना मिळावी म्हणून. बोल्ट लाकडी पट्टीला छिद्रं पाडून त्यात पकडले होते. १० फेब्रुवारीची चूक पुन्हा नको होती. एकही बोल्ट हलला नाही.

३१ मार्च

पाडवा काल झाला. आज रंगाचा डबा आणि लहान ब्रश घेऊन आतून २८ ठिकाणी लाल खूण केली, जमिनीपासून डोळ्याच्या उंचीवर. खुणेच्या खाली होलाचा नंबर. पुढे कुणी विजेची पेटी किंवा फळी ठोकायला ड्रिल घेऊन आलं तर त्याला सळाख कुठे आहे ते कळेल. लिंटेलच्या पट्ट्याच्या पातळीवर आडवी रेघ मारली आणि तिच्याशेजारी 'पट्टा, छिद्र पाडू नये' असं लिहिलं.

अकराव्या नंबरशी रेजाबाईंच्या खडूच्या रेघा अजून आहेत. त्यांच्यावर रंग लावला नाही. भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा चालू आहे. कैची ५ एप्रिलला येईल.